डाळ शिजवणारं पाणी आणि त्याचं वय

गेल्या वर्षी मे महिन्यात मामांच्या शेतात बोअर घेतला, मोहोळ तालुक्यात. पाणाड्यानं तळहातावर नारळ धरून जागा दाखवली होती, गाडी रात्री दहाला आली कारण दिवसा दुसऱ्याच्या रानात काम चालू होतं, आणि पहाटे तीनपर्यंत 540 फूट खाली गेलो तरी नुसता धुराळा. आधी मुरूम, मग मांजऱ्या, मग काळा पाषाण, मधे 180 फुटाला लाल मातीचा थर लागला तेव्हा जरा ओल आली, मामा बाजेवरनं उठून उभे राहिले, पण खाली परत काळा पाषाण तो शेवटपर्यंत. सगळ्यांच्या अंगावर, केसांत, चहाच्या कपात राखाडी पीठ.

गाडी तमिळनाडूची, तिरुचेंगोडची. आपल्याकडं बोअरच्या गाड्या बऱ्याचशा तिकडच्याच असतात. गाडीवरचे अण्णा माझ्या शेजारी बसून चहा पीत होते, मी पाणी तपासायच्या लॅबमध्ये काम करते हे मामांनी सांगितलेलं, म्हणून असेल, ते म्हणाले, "मॅडम, हमारा ससुराल में इतना गहरा जाएगा ना, पत्थर मिलेगा ही नहीं. रेत, मिट्टी, रेत, मिट्टी. पहले तो पानी खुद ऊपर आता था, मोटर नहीं."

540 फूट पाषाण फोडून कोरड्या भोकाशेजारी बसलेलं असताना हे ऐकणं म्हणजे काय ते सोलापूरकरांना सांगायला नको. पण मला झोप लागली नाही ती दुसऱ्याच कारणानं. त्यांची सासुरवाडी नेयवेली आणि कडलूरच्या मधे, म्हणजे समुद्राच्या जवळ, आणि तिथल्या खोल वाळूतल्या पाण्याबद्दल मी कधीपासून वाचतीये.

आपला दगड 6.6 कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा. त्यात पाणी राहतं ते भेगांत, कुजक्या मुरमात, दोन थरांच्या सांध्यात. जागा कमी, त्यामुळं विहीर श्रावण-भाद्रपदात वर येते आणि मार्चमध्ये तळ दाखवते, म्हणजे आपल्या उघड्या विहिरीतलं पाणी बहुतेक गेल्या एक-दोन पावसाळ्यांचंच. किनाऱ्याकडच्या गाळाच्या प्रदेशात तसं नाही. तिथं नद्यांनी आणि समुद्रानं लाखो-कोटी वर्षं आळीपाळीनं वाळू आणि चिकणमाती आणून टाकलीये. आपल्या चादरींची चवड डोळ्यासमोर आणा, एक जाड खरखरीत चादर वाळूची, तिच्यावर घट्ट विणीची चिकणमातीची, परत वाळूची, आणि सगळी चवड समुद्राकडं जरा कललेली. वरच्या बाजूला, टेकड्यांकडं, वाळूची कड उघडी पडलेली असते, तिथं पाऊस मुरतो आणि उताराला लागतो, आणि एकदा का वर चिकणमातीचं झाकण आलं की पाणी कोंडलं जातं, दाबाखाली येतं. त्या झाकणाला भोक पाडलं की पाणी पाईपातनं आपोआप वर चढतं. अण्णांचं "खुद ऊपर" ते हेच.

नेयवेलीची गोष्ट तर फारच भारी आहे. 1930च्या दशकात जंबुलिंग मुदलियार नावाच्या जमीनदारांनी आपल्या जमिनीत पाण्यासाठी बोअर घेतले तेव्हा पाण्याबरोबर काळं काळं वर यायला लागलं, ते लिग्नाइट, म्हणजे तपकिरी कोळसा, निघालं. 1956 मध्ये तिथं कोळशाची सरकारी कंपनी उभी राहिली. पण त्या लिग्नाइटच्या खालीच कोंडलेल्या पाण्याचा वाळूथर, आणि त्याचा दाब एवढा की खाणीचा तळ फुटून पाणी आत घुसेल, म्हणून आधी आजूबाजूला पंप लावून दाब उतरवायचा आणि मग कोळसा काढायचा. पाण्यासाठी भोक पाडलं तर कोळसा मिळाला आणि कोळसा हवा तर पाणी उपसा.

तर अण्णांचा नंबर घेतला आणि सांगितलं, पोंगलला गावी जाल तेव्हा सासऱ्यांच्या बोअरचं बाटलीभर पाणी आणा. ते विसरतील असं वाटलं होतं. जानेवारीच्या शेवटी फोन आला, "मॅडम, पानी लाया." विजापूर रोडला चहाच्या टपरीवर त्यांनी दोन लिटरची कोल्ड्रिंकची बाटली हातात दिली, वर्तमानपत्रात गुंडाळून, सुतळी बांधून. म्हणाले सासऱ्यांचा बोअर 800 फूट.

दुसऱ्या दिवशी लॅबमधलं रोजचं काम उरकून मी ते पाणी घेतलं. आधी तळाला पांढरं काही बसलंय का ते पाहिलं, कारण बाटलीत वाटेतच चुना खाली बसला तर आकडे चुकतात. काही नव्हतं. मग कडकपणा, म्हणजे पाणी किती जड आहे ते. ज्यांनी केलं नाही त्यांच्यासाठी सांगते, 50 मिली पाणी फ्लास्कमध्ये घ्यायचं, अमोनियाचं बफर घालायचं (वासानं डोळ्यांत पाणी येतं), एरिओक्रोम ब्लॅक टीचे थोडे थेंब टाकले की पाणी आमसुलाच्या सारासारखं लालसर होतं, आणि मग ब्युरेटमधनं, म्हणजे खुणा असलेल्या बारीक नळीतनं, ईडीटीए हे कॅल्शियम-मॅग्नेशियम धरणारं रसायन थेंब थेंब सोडत फ्लास्क फिरवत राहायचं. कॅल्शियम आणि मॅग्नेशियम संपलं की लाल जाऊन एकदम स्वच्छ निळा रंग येतो. मामांच्या विहिरीच्या पाण्याला 34 मिली लागले होते, म्हणजे चुन्याच्या हिशोबात लिटरला 680 मिलिग्रॅम, आपल्या मानकात 200 चांगलं आणि दुसरा स्रोतच नसेल तर 600 पर्यंत चालवून घेतात. अण्णांच्या पाण्याला मी सवयीनं ब्युरेट सोडली आणि 3 मिलीला निळं झालं. तीन! 60 मिलिग्रॅम. मला वाटलं बफर चुकलं, परत केलं, परत तीनच.

हलकं पाणी म्हणजे फक्त क्षार कमी असणारं पाणी असेल तर त्यात विशेष नाही, वाळू नुसती गारगोटीची असेल, चुना नसेलच, तर पाणी हलकंच राहणार. म्हणून मग अल्कलिनिटी काढली, म्हणजे पाणी किती आम्ल पचवतं ते, मुख्यतः बायकार्बोनेटमुळं, आम्लानं, मिथिल ऑरेंज टाकून. ती आली 244, त्याच चुन्याच्या हिशोबात. हा आकडा बघून मी खुर्चीत बसले. कारण पाण्यात बायकार्बोनेट 244 चं आणि त्याच्या जोडीला कॅल्शियम-मॅग्नेशियम फक्त 60 चं, तर बाकीच्या 184 ची जोडी कोणाशी? सोडियमशीच. म्हणजे हे साधं हलकं पाणी नाही, हे सोड्याचं पाणी आहे. खायचा सोडा.

आमच्या आईला तुरीची डाळ बोअरच्या पाण्यात शिजत नाही म्हणून चिमूटभर सोडा टाकायची सवय, सोलापुरात बऱ्याच घरांत आहे. जड पाण्यातलं कॅल्शियम डाळीतल्या पेक्टिनला, म्हणजे पेशी चिकटवून ठेवणाऱ्या द्रव्याला, धरून बसतं, ते मऊच पडत नाही, सोडा घातला की सुटतं. मग राहवलं नाही, उरलेल्या पाण्यात मूठभर हरभरे भिजत घातले आणि दुसऱ्या वाटीत मामांच्या विहिरीच्या पाण्यात तेवढेच. सकाळी दोन पातेल्यांत, कुकर न लावता, एकाच आचेवर. पन्नास मिनिटांनी अण्णांच्या पाण्यातला हरभरा दोन बोटांत धरला तर पिठलं झाला, मामांच्या पाण्यातला दातांनी पण कुरकुरला. आई म्हणाली, "ह्यात आधीच सोडा टाकलाय की कुणीतरी."

कुणी टाकला, तर समुद्रानं. हे मला फार आवडतं म्हणून जरा सविस्तर लिहिते.

टेकडीवर मुरणारं पाणी मातीतनं जाताना मुळांनी आणि जिवाणूंनी सोडलेला कार्बन डायऑक्साइड घेतं, किंचित आंबट होतं, आणि वाळूतल्या शिंपल्यांचा चुना विरघळवतं. इथपर्यंत ते आपल्यासारखंच जड पाणी, कॅल्शियम-बायकार्बोनेटचं. पण पुढं थरांत चिकणमातीचे कण आहेत, आणि ते कधीतरी समुद्राखाली होते, त्यांच्या अंगाला सोडियम चिकटलेलं आहे. चिकणमातीच्या कणावर ऋण भार असतो, तो धन भाराच्या आयनांना धरून ठेवतो, आणि कॅल्शियमवर दोन भार म्हणून त्याची पकड घट्ट. गोडं पाणी आलं की माती कॅल्शियम घेते आणि त्याच्या बदल्यात दोन सोडियम सोडते. कॅल्शियम गेलं की पाण्याला आणखी चुना विरघळवायला वाव मिळतो, तेही कॅल्शियम माती घेते, बायकार्बोनेट मात्र वाढत राहतं, पीएच वर सरकत आठच्या पुढं जातो. अपार्टमेंटमध्ये वॉटर सॉफ्टनर असतो ना, ज्यात महिन्याला मिठाची पोती ओततात, त्याचं काम अगदी हेच. मीठ ओतून आपण त्याच्या आतल्या राळेवर (रेझिनच्या मण्यांवर) परत सोडियम चढवतो. किनाऱ्याच्या वाळूत ते मीठ समुद्रानं ओतून ठेवलंय, आणि हजारो वर्षं पाऊस त्यातनं हलका होऊन जातोय. टेकडीच्या बाजूची माती आधी संपते, तिथलं पाणी परत जड, मधे सोड्याचं, आणि समुद्राकडच्या टोकाला जिथं जुनं खारं पाणी अजून धुऊन गेलेलं नाही तिथं मचूळ. अमेरिकेत मेरीलँडच्या अक्विया नावाच्या वाळूथरात जड पाण्यापासून सोड्याच्या पाण्यापर्यंतचे पट्टे एकामागोमाग एक सापडतात.

अर्थात माझ्या 184 ला दुसरं कारण असू शकतं. फेल्डस्पार हे दगडातलं खनिज कुजलं तरी सोडियम आणि बायकार्बोनेट दोन्ही मिळतात, आणि दोन टायट्रेशन आणि एका कोल्ड्रिंकच्या बाटलीवरनं मी निकाल देणार नाही. पण दिशा दिसते, आणि ती शाळेच्या लॅबमधल्या सामानात दिसते ह्याचं मला फार अप्रूप वाटतं.

लॅबमधल्या आमच्या सरांनी वही बघितली आणि विचारलं, हे पाणी किती जुनं असेल? आकड्यावरनं सांगता येत नाही. चवीवरनं तर नाहीच. लोक गोड लागलं की ताजं म्हणतात, आणि माझं सगळं म्हणणं हेच आहे की खोल वाळूतलं सगळ्यात गोड, सगळ्यात हलकं पाणी बऱ्याचदा फार म्हातारं असतं.

वय म्हणजे पाणी हवेपासून तुटल्यापासूनचा काळ. मातीतल्या त्या कार्बन डायऑक्साइडमध्ये थोडा कार्बन-14, म्हणजे कार्बनचा किरणोत्सारी प्रकार, असतो, झाडांनी हवेतनं घेतलेला, तो पाण्यात विरघळून खाली जातो आणि मग नवा मिळत नाही, दर 5730 वर्षांनी निम्मा होतो. पाव उरला तर 11,460 वर्षं. 1957 मध्ये हायडलबर्गच्या कार्ल ओट्टो म्युनिख यांनी भूजलासाठी ही पद्धत वापरली. पण ह्यात एक मोठी खोच आहे, आणि ती वरच्या शिंपल्यांतच आहे. शिंपले कोटी वर्षांचे, त्यांच्यातला कार्बन-14 कधीच संपलेला. कार्बन डायऑक्साइडनं चुना विरघळवला की पाण्यातला निम्मा कार्बन मातीचा आणि निम्मा शिंपल्याचा, म्हणजे काल मुरलेलं पाणी पण मोजलं तर 5730 वर्षांचं दिसणार! आणि सोडियमच्या अदलाबदलीत जसजसा जास्त चुना विरघळेल तसतसं पाणी आहे त्याहून म्हातारं भासणार. म्हणून कार्बन-13, म्हणजे कार्बनचा न घटणारा प्रकार, मोजून शिंपल्याचा वाटा किती ते काढतात आणि वय कमी करतात. पाण्याची केमिस्ट्री कळल्याशिवाय पाण्याचं वय कळत नाही, दोन्ही एकाच वहीत लिहावं लागतं. तरुण पाण्यासाठी ट्रिटियम, म्हणजे किरणोत्सारी हायड्रोजन, आहे, 1950-60च्या दशकांतल्या अणुचाचण्यांनी पावसात मिसळलेलं, अर्धायुष्य 12.3 वर्षं, ते सापडलं तर निदान थोडं पाणी तरी त्या चाचण्यांच्या नंतरचं.

टेक्सासमधे कॅरिझो नावाची वाळू आहे, किनाऱ्याकडं कललेली, चिकणमातीखाली कोंडलेली. 1960च्या दशकात तिथं एका ओळीत बोअरची पाणी तपासली तर उघड्या कडेपाशी नवं आणि पन्नासेक किलोमीटरवर सुमारे 27,000 वर्षांचं. हिशोब केला तर वर्षाला दोन मीटर. सिद्धरामेश्वर महाराजांच्या काळात, बाराव्या शतकात, निघालेला थेंब आज जेमतेम पावणेदोन किलोमीटर गेला असता. पुढं त्याच पाण्यात विरघळलेले निष्क्रिय वायू मोजले, थंड पाण्यात ते जास्त विरघळतात म्हणून त्यावरनं पाऊस मुरला तेव्हाचं तापमान निघतं, तर हिमयुगातलं पाणी आजच्यापेक्षा पाचेक अंश थंड असताना मुरलेलं निघालं. पाण्याला त्या दिवसांची थंडी आठवते, दुसरं काय म्हणणार.

आणि हिमयुगाचा भाग इथं महत्त्वाचा आहे. 20,000 वर्षांपूर्वी समुद्र आजच्यापेक्षा सुमारे 120 मीटर खाली होता. किनारा लांब गेलेला, उतार जास्त, त्यामुळं गोडं पाणी वाळूत जोरात आणि खोल उतरलं. मग समुद्र वर आला आणि ते पाणी खाली चिकणमातीच्या झाकणाआड राहून गेलं. 1970च्या दशकात अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यापासून आत, समुद्राच्या तळाखाली, गोडसर पाणी सापडलं ते असंच, 2019 मध्ये विद्युतचुंबकीय मोजणीवरनं न्यू जर्सी ते मार्थाज व्हिनयार्डच्या पट्ट्यात ते 2800 घन किलोमीटर असावं असा अंदाज निघाला. वर खारा समुद्र आणि खाली हिमयुगातला पाऊस.

कोकणातले मित्र म्हणतात आमच्याकडं पण समुद्रापासून पन्नास पावलांवर विहिरीला गोडं पाणी आहे. आहे, तारकर्लीत मीही प्यायलीये. पण ते वेगळं. ते वरच्या वाळूतलं कोवळं पाणी, हलकं म्हणून खाऱ्यावर तरंगणारं, समुद्रसपाटीच्या वर एक मीटर असेल तर खाली साधारण चाळीस मीटर, आणि ते दरवर्षी पावसानं भरतं. कोकणात जांभा आणि बेसाल्ट थेट समुद्रापर्यंत, शेकडो मीटर जाडीचे वाळूथर तिथं नाहीत.

जुनं म्हणजे चांगलंच असंही नाही. कॅल्शियम कमी झालं की फ्लोराइडला अडवणारं कोणी उरत नाही, ते पाण्यात वाढतं. अण्णांच्या पाण्यात लिटरला 1.1 मिलिग्रॅम आलं, चांगलं 1 पर्यंत, 1.5 च्या वर धोका, मी त्यांना फोन करून सांगितलं की नातवंडांसाठी मिळेल तेव्हा दुसरं पाणी मिसळा. खोल पाण्यात ऑक्सिजन संपलेला असतो, मग जिवाणू नायट्रेट, लोहाचा गंज, सल्फेट असं एकेक वापरत जातात, गंजातलं लोह पाण्यात विरघळतं, म्हणून काही बोअरचं पाणी नळातनं नितळ येतं आणि बादलीत तासाभरात तांबडं होतं, काहींना सडक्या अंड्याचा वास. सोड्याचं पाणी शेताला दिलं तर काळी जमीन चोपण होते, हे आपल्या ऊसवाल्यांना सांगायला नको.

बंगालमध्ये ह्याच्या उलट, तिथं वरच्या वाळूत आर्सेनिक आणि साधारण 150 मीटरच्या खाली जुन्या वाळूत ते फार कमी, तिथलं खोल पाणी हजारो वर्षांचं आणि लाखो लोकांचा जीव त्यावर. बांगलादेशातले बोअरवाले वर येणाऱ्या वाळूचा रंग बघतात, राखाडी असेल तर नको, तांबूस-पिवळी असेल तर घ्या, आणि तपासण्यांत ते बऱ्यापैकी खरं निघालंय. पण उपसा वाढला तर खालचं पाणी तसंच राहील असं नाही. मेकाँगच्या त्रिभुज प्रदेशात खोल थर उपसल्यावर मधली चिकणमाती दबली आणि तिच्यात अडकलेलं आर्सेनिकचं पाणी पिळून खोल बोअरमध्ये आलं, 2013 मध्ये हे छापून आलं. ओला टॉवेल पिळावा तसं. मला हे वाचून खरंच वाईट वाटलं होतं, माणसं विष टाळायला खोल गेली आणि ते मागनं आलं. अण्णांच्या सासऱ्यांच्या लहानपणी पाईपातनं आपोआप वाहणारं पाणी आता मोटर खाली सोडून ओढावं लागतंय. आपल्या विहिरीला एक चांगला पावसाळा पुरतो, त्या वाळूला तो वरच्या कडेला मिळतो आणि खालच्या बोअरपर्यंत यायला कित्येक पिढ्या लागतात.

येत्या पोंगलला अण्णा परत जातील. कार्बन-14 ला पूर्वी ड्रमभर पाण्यातनं कार्बोनेट खाली बसवून न्यावं लागायचं, आता एक बाटली पुरते, पण बाटलीत हवा गेली की आजचा कार्बन मिसळतो आणि म्हातारं पाणी तरुण होतं, म्हणून कोल्ड्रिंकची बाटली चालत नाही. काचेच्या दोन बाटल्या मी त्यांच्याकडं आत्ताच देऊन ठेवल्यात. सांगितलं, मोटर अर्धा तास चालू द्या, मग पाईप बादलीच्या तळाशी, बाटली बादलीत बुडवून भरायची, पाण्याखालीच झाकण लावायचं, आणि सासऱ्यांना विचारायचं की केसिंगला जाळी किती फुटापासून किती फुटापर्यंत आहे, कारण जाळी लांब असेल तर चार थरांचं पाणी एकत्र येतं आणि वय मिसळतं. एक बुडबुडा पण राहायला नको. अण्णांनी सगळं मोबाईलमध्ये तमिळमध्ये लिहून घेतलं आणि मला वाचून दाखवलं, मला त्यातलं कळलं ते फक्त बुडबुड्यापाशी त्यांनी ओठांनी काढलेला आवाज.